बॉनेटवरचे टवके

नाही म्हणजे नाही, ड्यूगल. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आता तिसऱ्यांदा नाही म्हणायला लावलंस तर बायबलातल्यासारखा कुठेतरी कोंबडा आरवेल. अंगरखा कपाटात आहे आणि कपाटातच राहील. माझ्या आजीनं हातानं शिवलेला, माझा बाप्तिस्मा त्यात झाला, माझ्या लेकीचा, ग्लेनिसचा झाला — आणि आज चार वर्षांनी जावईबापू अंगणात उभे, टोपी हातात, मान खाली, काय तर म्हणे बाळाच्या बाप्तिस्म्याला अंगरखा हवा होता! अंगरखा हवा, अंगरखा जपून ठेवणारी नको. वा रे वा! बरं, तिनं पाठवलंय का तुला? नाही ना? तुझा तूच आलायस. मग तर बोलायलाच नको. आणि आधी बाजूला सरक, माझा उजेड अडवतोयस. हे काम उजेडाचं आहे. इथे वॉलरूला सकाळी नऊ ते अकरा काय तो सरळ उजेड मिळतो, पुढे समुद्रावरून चकाकी यायला लागली की सगळे रंग खोटं बोलायला लागतात.

काय बघतोयस एवढं वाकून? टवके आहेत. टवके उडतातच गाडीचे. माणूस गाडी चालवतो, रस्त्यावर खडे असतात, खडे उडतात, रंग निघतो — यात नवल काय? मोजू नकोस! मोजायला कुणी सांगितलंय तुला? आठवड्यातून तीन ठिकाणी जाते मी. चॅपेलात, दुकानात, आणि माझ्या नवऱ्याच्या, क्लेमच्या थडग्यावर फुलं ठेवायला. संपलं. सगळा डांबरी रस्ता? हो, डांबरीच आहे, मग? डांबरी रस्त्यावर खडे नसतात असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? नगरपालिकेचे ट्रक खडी सांडत जातात, त्यांना जाऊन विचार. तुम्ही मेंढ्यांमागे फिरणारी माणसं, दोन गाड्यांची धूळ खाल्ली की तुम्हाला वाटतं आपण गाड्यांचे वैद्य झालो.

ती पॉलिश पेपरची पट्टी दे इकडे. ती नाही, बारीक, पाण्यात भिजत घातलेली. हां. तर — हे असं हलक्या हातानं, टवक्याच्या कडेपुरतंच घासायचं. जोर लावलास तर चांगला रंगही निघतो आणि आहे ते भोक आणखी मोठं होतं. मग पुसायचं, वाळू द्यायचं, तळाला गंज दिसतोय का बघायचं. गंज असेल तर आधी तो खरवडायचा, वरून रंग लावून झाकायचा नाही. झाकलेला गंज आत पसरत जातो. हे मला क्लेमनं शिवलं होतं — शिकवलं होतं. बघ, तुझ्यामुळे जीभसुद्धा घसरायला लागली. मग करडा प्रायमर, मग रंग, आणि ब्रशनं नाही बरं का, ब्रश फार सांडतो — काडीपेटीच्या काडीचं टोक, त्यावर एक थेंब, आणि तो थेंब नुसता टवक्यात सोडायचा. तो आपणहून पसरतो. घाई केली की डोंगर होतो. एक थेंब, अर्धा तास थांबायचं, दुसरा थेंब. थांबणं मला येतं. थांबायची सवय आहे मला. क्लेमच्या दफनाच्या दिवशी मी तीन वाजेपर्यंत थांबले होते.

हो, काढला विषय. माझं अंगण आहे, मी काढणार. अकराची प्रार्थना होती. पहिला बाक मोकळा ठेवला होता, दोन माणसांपुरता. पेटीवाल्या बाईनं तीच चार भजनं तीनतीनदा वाजवली. पाळकबाबा येऊन कानात म्हणाले, थेल्मा, लोक अवघडलेत, आता सुरू करूया. मी म्हटलं, त्याची एकुलती एक लेक यायची आहे. एक वाजला. दोन वाजले. थडगं खणणारे दोघे बाहेर सिगारेटी ओढून ओढून दमले. आणि तीन वाजता कुणीतरी निरोप आणला, तुमच्याकडे पाऊस झालाय, रस्ता बंद आहे. पाऊस! वर्षातून चार थेंब पडतात तुमच्या त्या माळावर, मेंढ्यांची पोरं पाऊस बघून पळत सुटतात, आणि नेमका त्याच दिवशी पाऊस? नेमका? मी माती टाकली, घरी आले, क्लेमचे बूट दाराशी होते तसेच ठेवले, आणि गुडघे टेकून देवाला शब्द दिला की ग्लेनिसच्या फाटकाच्या आत ही थेल्मा पेंगेली पाऊल टाकणार नाही. तिनं फोन केला तेव्हा ठेवून दिला. दुसऱ्यांदा केला, तेव्हाही. देवाला दिलेला शब्द म्हणजे काय भाजीवाल्याला दिलेला शब्द आहे? आज टोमॅटो नको म्हटलं, उद्या घेतले?

तू काही बोलू नकोस. तू त्या वेळी काय बोलला होतास आठवतंय ना — फोनवर — "बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो." दंड! सासरा मेला आणि याला दंड आठवला.

हे काय, हसतोयस? रंगाला हसतोयस. हस. मलाही दिसतंय. कालच्या दिवसभरात नऊ टवके भरले, आणि आज सकाळी पडदा सारून बघते तर गाडीला गोवर आलाय. निळे निळे ठिपके! आणि मी काही अंदाजपंचे रंग नाही आणलेला, सांगून ठेवते. दाराच्या खांबावर आत ती पत्र्याची पट्टी असते ना, तिच्यावर रंगाचा आकडा असतो, तो आकडा मी चष्मा लावून कागदावर उतरवला, दोनदा ताडून पाहिला, कडिना गावातल्या रंगाच्या दुकानात जाऊन दिला, त्यानं पुस्तकातून काढून हीच बाटली दिली. हाच रंग. कारखान्यातून गाडी निघाली तेव्हा तिच्या अंगावर हाच रंग होता, अगदी हाच, तसूभर इकडेतिकडे नाही. मग जुळत का नाही? आकडा बरोबर, बाटली बरोबर, हात बरोबर — आणि दिसायला बघ, जणू दुसऱ्याच गाडीचे तुकडे चिकटवलेत. रात्रभर डोक्यात तेच. दुकानदाराला दोन खणखणीत शब्द सुनवणार आहे मी सोमवारी.

ए, तिकडे कुठे चाललास? पेट्रोलचं झाकण कशाला उघडतोस, पेट्रोल आहे त्यात भरपूर, मला काही — काय? आत काय बघू? बघितलं. निळा आहे. मग? ...

हं.

आत तोच आहे. बाटलीतला. जसाच्या तसा. म्हणजे ऊन जिथे कधी पोचलंच नाही तिथे गाडी अजून सव्वीस वर्षांपूर्वीचीच आहे. आणि बाहेरची — बाहेरची फिकी झालीये. एवढी? रोज बघतेय मी हिला, मला कसं कळलं नाही? क्लेमनं ही घेतली तेव्हा शाळेच्या नव्या गणवेशासारखी निळी होती, माझ्या डोक्यात ती तशीच आहे. हे ढगाळलेलं, धुतलेलं निळं कधी झालं कुणाला ठाऊक. बरं, एवढं फुशारून जायला नको. कळलं असतं मला. आज दुपारपर्यंत माझं मलाच कळलं असतं.

आता काय करतोयस? ती क्लेमच्या जुन्या व्हॅनची पांढरी बाटली आहे, ती कशाला — मिसळणार? बाटलीत नको! झाकणात. हे घे, मुरंब्याच्या बरणीचं झाकण घे. निळ्याचे दहा थेंब असतील तर पांढऱ्याचा एक, जास्त नको — मला वाटलंच होतं तू भसाभसा ओतशील. आणि थेट गाडीवर लावायचं नाही. या कार्डाच्या तुकड्यावर ओढ. वाळू दे, ओला रंग आणि वाळलेला रंग यांचा काही संबंध नसतो. धर आता बॉनेटला लावून. इकडे उजेडात. अजून थोडा पांढरा. काडीच्या टोकाएवढा... धर. थांब, चष्मा पुसू दे.

बरं आहे. ठीक आहे. जुळतोय म्हणत नाही मी, ठीक आहे म्हणतेय.

पण म्हणून अंगरखा मिळेल असं समजू नकोस. रंग जुळवला म्हणून काय झालं. मी हे तुमच्यासाठी करत नाहीये. गाडी विकायची आहे मला. हो, विकणार. म्हातारपणी काय करायची गाडी. पायी जाईन चॅपेलात. आणि दारं उघडीच ठेव, आतली रबरं अजून पुसायची राहिलीत — पुसलीत मी तीनदा, पण ती लाल धूळ काही — कुठली लाल? इथलीच आहे. आपल्या इथे धूळ पांढरी असते हे मला सांगू नकोस, एकाहत्तर वर्षं मी ती पांढरी धूळ झाडतेय. वाऱ्यानं आली असेल उत्तरेकडून. येते कधीकधी. रबराच्या आत जाऊन बसते, वारा आहे तो, कुठेही जातो. आणि सीटवरची दुर्बीण हलवू नकोस! क्लेमची आहे. पक्षी बघायचा तो. मीही बघते आताशा. चॅपेलाच्या वाटेवर. पोपट असतात.

असा बघू नकोस माझ्याकडे. आणि उगाच उभा राहायचंच असेल तर काडी घे, ते उजवीकडचे भर, माझी पाठ भरून आली वाकून. थेंब सोड नुसता. हां, तसा. तुझा हात बरा आहे, मेंढ्यांचे खूर कापून कापून बसला असेल. एक गोष्ट मात्र ग्लेनिसला सांग, असं उन्हातान्हात पोरीला उघड्या डोक्यानं अंगणात आणू नये. ती पिवळी टोपी होती ती कुठे गेली? पिवळ्यात छान दिसते, निळ्यात मेली पांढरीफटक —

कुणी सांगितलं म्हणजे? सांगितलं कुणीतरी. चॅपेलात सगळं कळतं. फोटो दाखवला कुणीतरी. टोपीचा. टोपी घातलेल्या पोरीचा. अरे, तुला काय करायचंय!

...

बरं. ऐक. आणि हे एकदाच सांगणार आहे, पुन्हा विचारलंस तर मी म्हणेन, कुठली थेल्मा, कुठली गाडी. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी पहाटे निघते. थर्मास, मांस-बटाटा भरून भाजलेली एक पेस्टी, दुर्बीण. साडेतीन तास. शेवटचे साठ किलोमीटर तुमचा तो दगडांचा रस्ता — रस्ता कसला, देवानं उरलेली खडी टाकून दिलीये तिथे. समोरून एखादा गुरांचा ट्रक गेला की बॉनेटवर गारा पडल्यासारखा आवाज. हे सगळे टवके तिथलेच. काचेवरचा तो ताऱ्यासारखा तडासुद्धा. तुला ते आल्याआल्या कळलं होतं, नाही का? म्हणून तर मोजत होतास. फाटकाशी जाते, गाडी उभी करते, चहा पिते. घर तिथून अर्धा किलोमीटर. आणि फाटक बंद. तुमच्याकडचाच कायदा ना हा — फाटक जसं सापडेल तसं ठेवावं? उघडं सापडलं तर उघडं, बंद सापडलं तर बंद. मला बंद सापडलं. चाळीस-बेचाळीस वेळा गेले असेन, बेचाळीस वेळा बंद. म्हटलं, बघ थेल्मा, हे तुझ्यासाठीच बंद आहे. तिनं ठेवलंय बंद.

मेंढ्यांसाठी असतं हे काय मला कळत नाही? मी काय काल जन्मले? पण माणसाच्या मनात एकदा बसलं की बसलं.

आणि दोन वर्षांपूर्वी गेले होते तेव्हा वाटेतच भुरभुर सुरू झाली. पाऊस कसला, देवानं ओला हात झटकावा तेवढा. आणि ती लाल माती, अरे देवा, ती माती नाहीच, साबण आहे तो! गाडी आडवी झाली आणि दोन्ही बाजूंनी पोटापर्यंत रुतली. पाच तास बसले मी आत. चहा संपला, पेस्टी संपली, येतील तेवढी स्तोत्रं म्हणून झाली. शेवटी तो रस्ता सपाट करणारं पिवळं यंत्र घेऊन एक माणूस आला. त्यानं साखळी लावून ओढून काढली आणि मला जे काय बोललाय! "बाई, फलक वाचता येत नाही? रस्ता बंद म्हणजे बंद. मागच्या हिवाळ्यात एकाची बायको गाडीतच बाळंत झाली असती." गाडीला चिखल, मला चिखल, आणि डोक्यात एकच — म्हणजे त्या दिवशी खरंच... पावसाच्या दिवशी खरंच कुणी येऊ शकत नाही. खोटं नव्हतं ते. चिखलात बसून कळलं मला. त्यानंतर फोन करायला हवा होता, माहीत आहे. उचलला होता एकदा. पण दिलेला शब्द होता. आणि शब्दापेक्षा तोंड. दोन वर्षं उलटल्यावर कुठल्या तोंडानं सांगायचं, बाळा, पाऊस होता गं, मी चुकले?

काय? पुन्हा सांग.

तिनं पाहिलंय?

कधीपासून?

पहिल्या — पहिल्याच शनिवारापासून? आणि चार वर्षं ती — आणि फाटकापर्यंत आली नाही? अर्धा किलोमीटर चालवत नव्हतं तिला? का म्हणून? ... आली की मी गाडी वळवून निघून जाईन, आणि पुन्हा येणारच नाही, म्हणून. हे ती म्हणाली? तिच्या तोंडानं?

गेले असते मी. खरंच गेले असते. ओळखते मला.

अरे, पण मग ती कपड्यांची दोरी. थांब, थांब. दोरी घराच्या मागे होती. तुमच्या लग्नानंतर मी आले होते तेव्हा मागेच होती, पाण्याच्या टाकीपाशी, सावलीला. ती पुढे कधी आली? मी दुर्बिणीतून बघायचे आणि जळायचे — म्हणायचे, बघा अक्कल, रस्त्याकडच्या बाजूला कपडे वाळत घातलेत, सगळी धूळ बसणार, आईनं काही शिकवलं नाही का हिला! आधी सगळे मोठ्यांचेच कपडे. मग एका शनिवारी एवढेएवढे मोजे. एवढीशी झबली, ओळीनं, अकरा. मी फाटकाशी बसून मोजली होती ती झबली. नऊ पांढरी, दोन पिवळी. मला त्या दोरीवरून कळलं रे, की मी आजी झाले.

ती दोरी तिनं मुद्दाम पुढे आणली?

तू खांब पुरलेस? शुक्रवारी रात्री... पहिल्या शनिवारच्या आदल्या रात्री ती धुणं काढून बसायची. कपडे स्वच्छ असले तरी.

...

थेंब गळतोय तुझ्या काडीवरून. बघ! बघ, सांडलास ना बॉनेटवर! लक्ष कुठे असतं तुझं? फडकं दे. सरक. मी पुसते. तुम्हा लोकांना एक काम सांगावं तर दहा वाढवून ठेवता. नाही, मला काही झालेलं नाही. हा रंगाचा वास डोळ्यांत जातो, बाटलीवर लिहिलंय तसं, वाच. आणि एवढा वेळ उभा राहून रविवार कुठला ते सांगितलंच नाहीस. पुढचा नाही, त्याच्या पुढचा? तुमच्या त्या दगडी चर्चमध्ये? किती वाजता? बारा. बारा वाजता बाळाला झोप येत नाही का? ठरवलंय कुणी हे? आणि नाव काय ठेव — नको. सांगू नकोस. गप्प बस! नाव पाण्यापाशी ऐकायचं असतं, अंगणात नाही. इतके दिवस थांबले, आणखी पंधरा दिवस थांबेन.

आता नीघ तू. अंगरखा मिळणार नाही तुला, किती वेळा सांगू? त्या खटारा गाडीतून, मेंढ्यांच्या औषधांच्या डब्यांशेजारी, साठ किलोमीटर धूळ खात माझ्या आजीची लेस जाणार? वेड लागलंय मला? तो पातळ कागदात गुंडाळून माझ्या मांडीवरच जाईल. म्हणजे, शेजारच्या सीटवर. दुर्बीण काढून. आणि माझा शब्द माझ्या लक्षात आहे, तू आठवण करून द्यायची गरज नाही. पाऊल टाकणार नाही म्हणाले होते. चाकांचं काही बोलले नव्हते. देवाला सगळं शब्दशः ऐकू येतं, त्याला माहीत आहे मी काय बोलले होते. गाडी घराच्या दारापर्यंत आणीन. पुढचं तिथे बघू, मी आणि तो.

पण फाटक उघडायला मला गाडीतून उतरता येणार नाही, कळलं का? तिथे कुणीतरी उभं असलं पाहिजे. दहा वाजता. साडेनऊला, मी लवकर निघते. पाऊस असेल तर आदल्या दिवशी कळवा, मी फोन उचलीन. आणि आत घेतल्यावर लगेच बंद करायला सांग, मेंढ्या बाहेर पडतील.

नाही, तू नको. तू अजिबात नको उभा राहूस फाटकाशी. तुझं तोंड आज दोन तास पाहिलंय मी, वर्षभर पुरेल. कुणी उभं राहायचं ते तिला बरोबर कळेल.

टेबलावर दोन पेस्ट्या आहेत, कागदात बांधलेल्या. कडेच्या जाड दुमडीची तिची. ती खाल्लीस तर मला कळेल. आणि ते कार्ड ठेव खाली, रंग लावलेलं. त्याच्याशी अजून जुळवायचे आहेत मला चौदा टवके.

जा, म्हटलं ना. उजेड अडवतोयस.